डोपामिन : एक स्वस्त झालेला शब्द

'डोपामिन' हा शब्द आज कोणाच्या तोंडी नाही? तासभर मोबाइलवर रील्स पाहिल्या की डोपामिन, परीक्षा संपल्यावर मिसळ हाणली की डोपामिन, आणि एखाद्याचे अभ्यासात लक्ष लागेनासे झाले की 'ह्याचे डोपामिन कमी झाले' हे निदान शेवटच्या बाकावरून ताबडतोब जाहीर होते. २००६ साली 'लगे रहो मुन्नाभाई' या चित्रपटाने 'केमिकल लोचा' हा शब्दप्रयोग घरोघर पोचवला. त्यात निदान विनोद तरी होता. आता विनोद गेला आणि लोचा तेवढा उरला.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मानसशास्त्र हा माझा विषय असल्यामुळे चेतापेशी, चेतासंधी, चेतापारेषक अशी भारदस्त मंडळी मला पाठ्यपुस्तकात भेटतात. परीक्षेपुरती ती पाठ करावीत, उत्तरपत्रिकेत उतरवावीत आणि मोकळे व्हावे, अशी आमची सर्वसाधारण रीत आहे. ही रसायने म्हणजे विज्ञान शाखेचा प्रांत, आपला त्यांच्याशी संबंध काय, असे माझ्या मैत्रिणी विचारतात. माझे मत नेमके उलट आहे. माणसाच्या वागण्याला आपण कोणते नाव देतो, हा भाषेचा प्रश्न आहे आणि म्हणून आपलाच आहे. डोपामिन हा शब्द आपण ज्या अर्थाने उधळतो तो त्याचा मुख्य अर्थ नव्हेच, आणि त्याच्या खऱ्या अर्थाविषयीचे अज्ञान आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फार महाग पडत आहे.

आधी थोडे मूळ पाहू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्या एकमेकींत गुंतलेल्या सलग जाळ्यासारख्या नसून सुट्या सुट्या आहेत, हे स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याला १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. दोन पेशींच्या मध्ये फट राहते. मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी ती फट असते. पेशीच्या अंगातून निरोप विजेच्या रूपाने धावत येतो हे माहीत होते; पण फटीच्या काठाशी आल्यावर तो पलीकडे जातो कसा? ठिणगीसारखा उडी मारतो की नावाड्यासारखा कोणी त्याला पार नेतो? या प्रश्नावर मोठमोठी माणसे कित्येक वर्षे भांडत होती.

त्याचे उत्तर ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे ऑटो लोवी याने १९२१ साली दिले. प्रयोगाची कल्पना आपल्याला स्वप्नात सुचली असे तो सांगत असे. पहिल्या रात्री अर्धवट झोपेत त्याने ती कागदावर खरडली; सकाळी स्वतःचेच अक्षर त्याला लागेना. दुसऱ्या रात्री स्वप्न पुन्हा पडले, तेव्हा मात्र तो धोका न पत्करता उठून थेट प्रयोगशाळेत गेला. त्याने बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाची गती कमी करणारा मज्जातंतू त्याने चेतवला. ते हृदय मंदावले. मग त्या हृदयाभोवतीचा द्रव काढून दुसऱ्या हृदयाला दिला. त्या दुसऱ्या हृदयाला कोणताही मज्जातंतू जोडलेला नव्हता, तरी तेही मंदावले! म्हणजे निरोप द्रवात उतरला होता. तो नेणारे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. १९३६ साली लोवीला आणि इंग्लंडच्या हेन्री डेल याला मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. पुढे दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, नाझींनी लोवीला ज्यू म्हणून तुरुंगात टाकले आणि पारितोषिकाची रक्कम त्यांच्या हवाली केल्यावरच त्याला देश सोडू दिला. विज्ञानाच्या इतिहासात ही हकीकत तळटीप म्हणून येते. मला ती तळटीप वाटत नाही. पण तो विषय वेगळा.

निरोप पोचवण्याइतकेच महत्त्वाचे दुसरे एक काम असते, ते म्हणजे पोचलेला निरोप पुसून टाकणे. फटीतले ॲसिटिलकोलीन काम होताच क्षणार्धात मोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. ते नसेल तर एकच निरोप पुन्हा पुन्हा वाजत राहील, दाराची घंटा दाबलेलीच राहावी तसा. हे केवळ पुस्तकी नाही. ऑरगॅनोफॉस्फेट वर्गातली कीटकनाशके नेमके हेच विकर निकामी करतात. कीड त्याने मरते, आणि फवारणारा माणूसही त्याच मार्गाने मरू शकतो. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ आणि घाम थांबत नाही, स्नायू थरथरतात, नाडी मंदावते, श्वास अडतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि किमान वीस जण दगावले. फवारलेल्या औषधांच्या मिश्रणात मोनोक्रोटोफॉससारखी या वर्गातली औषधे होती. अशा वेळी दिले जाणारे ॲट्रोपीन हे ॲसिटिलकोलीनचा पलीकडचा दरवाजा अडवून धरते, आणि ते ज्या वनस्पतींत सापडते त्यात आपल्या उकिरड्यावर उगवणारा धोत्राही आहे. लोवीचा बेडूक आणि यवतमाळचा मजूर यांच्यामध्ये एकाच रसायनाचे अंतर आहे. त्या मजुरांबद्दलही लोक किती सहज बोलले, की त्यांनीच काळजी घेतली नाही, तोंडाला फडके बांधले नाही! शरीराचे बिघडले की दोष स्वभावावर टाकायचा, ही आपली जुनी खोड आहे. डोपामिनच्या बाबतीत ती खोड अधिक ठळक दिसते.

डोपामिनची गोष्ट, कोणाला खरे वाटणार नाही, पण एका अर्थी आपल्या सर्पगंधेपासून सुरू होते. या झुडपाची मुळी आपल्याकडे पूर्वापार औषधात वापरत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि वाढलेला रक्तदाब यांवर तिचा उपयोग होतो असे लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हा कोठे पश्चिमेचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पुढे लौकरच असे दिसू लागले की रेसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतात, आणि काहींच्या हातापायांत ताठरपणा व कंप येतो.

हे का होते? स्वीडनमधील अर्विद कार्लसन याने सशांना रेसर्पिन टोचले. ससे जागच्या जागी थिजून बसले, कान पडले. मग १९५७ साली त्याने त्यांना एल-डोपा हे द्रव्य टोचून पाहिले. शरीरात याचेच डोपामिन बनते. थोड्याच वेळात ससे कान टवकारून हिंडू लागले. तोपर्यंत डोपामिन म्हणजे दुसऱ्या एका रसायनाच्या वाटेवरचा केवळ एक टप्पा अशी समजूत होती. ते स्वतःच मेंदूतले निरोप्या आहे आणि हालचालींशी त्याचा संबंध आहे, हे या सशांनी सांगितले. कार्लसनचे म्हणणे प्रथम अनेकांनी मानले नाही. नोबेल पारितोषिक त्याला मिळाले ते २००० साली.

माणसाच्या बाबतीतला पुरावा व्हिएन्नात मिळाला. ओलेह होर्निकिएविच आणि हेर्बर्ट एरिंगर यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले आणि १९६० मध्ये जाहीर केले की, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात डोपामिन फारच थोडे उरलेले असते. पुढच्याच वर्षी वॉल्टर बिर्कमायर या डॉक्टराच्या मदतीने रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शने देण्यात आली. अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली, काही चालू लागली. परिणाम अल्पकाळ टिके. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास याने तोंडाने, हळूहळू वाढवीत, मोठी मात्रा देण्याची पद्धत बसवली आणि मग ते रोजच्या उपचारात आले. डोपामिनच का देत नाहीत, असे कोणी विचारील. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चौकी आहे. डोपामिनला ती ओलांडता येत नाही, एल-डोपाला येते.

येथे आणखी एक आपल्या घरचा धागा आहे. रानात जिच्या शेंगेची कूस अंगाला लागली की जीव नकोसा होतो त्या खाजकुइलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या, बियांत एल-डोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ सालीच ते त्या बियांतून वेगळे काढले होते. हे वाचून 'सगळे आमच्या ग्रंथांत होतेच' असा जयघोष करण्याचा मोह अनेकांना होईल. मला तो पटत नाही. बी उपयोगी पडते हे अनुभवाने कळणे निराळे आणि ती का उपयोगी पडते हे ताडून पाहणे निराळे. पहिल्याचा अभिमान बाळगावा, पण त्याच्या जोरावर दुसऱ्याला नाक मुरडू नये. शिवाय बियांची पूड आपल्या मनाने खाणारे महाभाग आहेत. मात्रा किती पोटात गेली याचा त्यांना पत्ता नसतो.

हे सारे ज्या आजारासाठी घडले तो आजार आपल्या आसपास असतो, पण आपण त्याला ओळखत नाही. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन याने या आजारावर निबंध लिहिला तेव्हा त्याच्याजवळ अवघे सहा रुग्ण होते, आणि त्यांतले काही तर त्याने नुसते रस्त्यात पाहिलेले होते. चालणाऱ्या माणसाकडे नीट पाहिले तर एवढे कळू शकते! आपल्याला पाहण्याची सवय नाही. निकाल देण्याची आहे.

आमच्या आळीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. सत्तरी गाठलेली. त्यांचे अक्षर एके काळी आळीचे भूषण होते. लग्नाच्या आहेराची पाकिटे लोक त्यांच्याकडून लिहून घेत. ते अक्षर बारीक होऊ लागले. ओळ सुरू होताना बरे असे, ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होई. एका बँकेने 'सही जुळत नाही' म्हणून त्यांचा पेन्शनच्या पैशांचा धनादेश दोनदा परत केला. तिसऱ्यांदा ते स्वतः गेले, तर खिडकीशी पुन्हा पुन्हा सही करायला लावून मागच्या रांगेसमोर त्यांची शोभा करण्यात आली. घरी निराळेच रामायण. पूर्वी हसतमुख असलेला माणूस आता काही सांगितले तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलवीत नाही, म्हणून सूनबाई दुखावलेल्या. आवाज इतका खाली गेला की काकू म्हणत, 'हे मुद्दाम पुटपुटतात, मला ऐकू येऊ नये म्हणून.' दारातून पाऊल निघेना. जमिनीला चिकटल्यासारखे जागीच उभे राहायचे. आणि गंमत अशी, की तेच गृहस्थ माडीचा जिना कठडा धरून चढून जात. मग काय विचारता! 'जिना चढता येतो आणि चार पावले चालता येत नाही? ढोंग, दुसरे काय?' असा निवाडा सगळ्या घराने दिला.

तो निवाडा चुकीचा होता, आणि का चुकीचा होता याचे उत्तर त्या स्वस्त झालेल्या शब्दात आहे. मेंदूच्या बुडाशी एक भाग असतो. त्याचा रंग काळसर, म्हणून लॅटिनमध्ये त्याला 'काळा पदार्थ' अशाच अर्थाचे नाव आहे. तेथल्या पेशी डोपामिन बनवतात. त्या हळूहळू मरतात, आणि कंप, ताठरपणा दिसू लागेपर्यंत त्यांतल्या पुष्कळशा गेलेल्या असतात. त्यामुळे ज्या हालचाली आपण विचार न करता करतो, जसे चालताना हात हलणे, बोलताना भुवया उंचावणे, अक्षर एकाच आकाराचे ठेवणे, त्या आधी जातात. डोळ्यांसमोर खूण असेल तर मात्र मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेऊ शकतो. जिन्याची प्रत्येक पायरी ही अशी एक खूण असते. सपाट जमिनीवर ती नसते. जमिनीवर अंतराअंतराने पट्टे आखले तर अशा कित्येक रुग्णांचे पाऊल सुटते. त्यांच्या नातवाने पडवीत खडूने रेघा ओढल्या तेव्हा पोस्टमास्तर त्यावरून चालत गेले. डॉक्टरांनी त्याला ती युक्ती सांगितली होती.

आता आपली भाषा पाहा. मख्ख, घुम्या, आळशी, हट्टी, नाटकी, ढोंगी. 'तोंड पाडून बसलाय.' 'हात चालतात का रे तुझे?' 'चेहरा हा मनाचा आरसा' असे आपण निबंधात लिहितो. या आजारात तो आरसाच आंधळा होतो. आत मन हसत असते आणि बाहेर काही उमटत नाही. शब्दकोशातले हे सगळे शब्द माणसाला दोष देणारे आहेत; पेशीला दोष देणारा एकही नाही. कवी-कादंबरीकारांनी चेहऱ्यांची एवढी वर्णने केली, पण न हलणाऱ्या चेहऱ्यामागचे जिवंत मन कितीजणांनी रंगवले? मराठीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न मनावर घ्यावा.

मग डोपामिनचा आनंदाशी संबंधच नाही की काय? आहे, पण आपण समजतो तसा सरळ नाही. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ याने माकडांवर प्रयोग केले. माकडाला अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी चेतत. पुढे रसाच्या आधी दिवा लागू लागला आणि माकडाला ते सवयीचे झाले, तेव्हा त्या पेशी दिव्याला चेतू लागल्या, प्रत्यक्ष रसाला नाही. दिवा लागूनही रस आला नाही, तर त्या नेहमीपेक्षाही शांत होत. म्हणजे हे रसायन गोडीचे नव्हे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांच्यातल्या फरकाचा हिशेब ठेवणारे आहे. रील्सच्या बाबतीत यातून थोडे शिकता येईल. पण 'डोपामिनचा उपास' करून मेंदू धुऊन काढण्याच्या ज्या गप्पा चालतात त्यांना मात्र यातून आधार मिळत नाही. उपासाने डोपामिन खरोखर संपले असते तर उपास सोडायला हात तोंडाकडे गेला नसता! आणि दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. कंपवातासाठी डोपामिनची नक्कल करणारी काही औषधे दिली जातात. ती घेणाऱ्या काही रुग्णांना, ज्यांनी जन्मात पत्त्याला हात लावला नाही त्यांना, जुगाराचा नाद लागल्याची उदाहरणे वैद्यकाला ठाऊक आहेत. अशा माणसाला व्यसनी म्हणून घराबाहेर काढण्याआधी त्याच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवली पाहिजे.

इतके सांगून झाल्यावर मला उलट बाजूनेही एक इशारा द्यावासा वाटतो. कंपवातात डोपामिन कमी असते हे मेंदू तपासून सिद्ध झालेले आहे. म्हणून प्रत्येक दुःखाचे कारण असेच एखाद्या रसायनात सापडेल असे नाही. रेसर्पिनमुळे काही माणसे उदास होतात या निरीक्षणातून जी विचारधारा निघाली, तिच्यातून पुढे 'नैराश्य म्हणजे सेरोटोनिनची कमतरता' हे सुटसुटीत वाक्य जन्माला आले. २०२२ साली आजवरच्या संशोधनाचा जो मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात या वाक्याला सातत्याने आधार देणारा पुरावा आढळला नाही. नैराश्यावरची औषधे अनेकांना उपयोगी पडतात, आणि ती मनाने बंद करणे धोक्याचे आहे. परंतु औषध लागू पडले म्हणजे त्याच द्रव्याची उणीव होती असे ठरत नाही. क्रोसिनने डोके थांबले म्हणून डोक्यात क्रोसिन कमी होते असे आपण म्हणतो का? नापास होण्याची भीती, घरचे कर्ज, हुंड्यासाठीचा छळ यांना 'केमिकल लोचा' म्हणून मोडीत काढणे सोयीचे असते, कारण मग कोणालाच काही बदलावे लागत नाही. पोस्टमास्तरांच्या आजाराला स्वभाव म्हणणे जितके चूक, तितकेच एखाद्या मुलीच्या छळाला रसायन म्हणणे चूक. कोठे कोणती भाषा वापरायची हा विवेक शास्त्राच्या माहितीवाचून येत नाही, आणि नुसत्या माहितीनेही येत नाही.

आमच्या महाविद्यालयाचे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात जाते. आम्ही गटारे साफ करतो, झाडे लावतो, व्यसनमुक्तीवर पथनाट्य करतो. माझी सूचना आहे की एक दिवस फक्त घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचे चालणे, बोलणे आणि अक्षर पाहावे. निदान आपण करायचे नाही, तो डॉक्टरांचा अधिकार; पण 'वयोमानाने असे व्हायचेच' म्हणून ज्यांना कोणी दवाखान्यात नेले नाही अशी माणसे सापडतील. फवारणीच्या हंगामाआधी गेलो तर दुसरे कामही होईल. विषबाधेची पहिली लक्षणे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवता येतील, आणि तेवढे तर आम्हा कला शाखेवाल्यांना नक्कीच येते.

घरच्या माणसांना सांगण्यासारखी आणखी एक साधी गोष्ट. आपल्याकडे गोळी दुधाबरोबर देण्याची पद्धत आहे, पोटाला त्रास होऊ नये म्हणून. एल-डोपाच्या बाबतीत ही माया अंगाशी येते. दुधातल्या, डाळीतल्या प्रथिनांचे घटक आणि एल-डोपा एकाच दरवाजाने आत जातात. गर्दी झाली की औषध मागे राहते आणि गोळी 'लागत नाही'. म्हणून जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचे ते डॉक्टरांना विचारून घ्यावे लागते, आणि वेळही चुकवून चालत नाही, कारण आजार जुना होत जातो तसा एकेका गोळीचा अंमल कमी काळ टिकतो. आमच्या आळीतल्या काकूंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकादशी-चतुर्थीच्या शेजारी आता गोळ्यांच्या वेळा लिहिल्या आहेत, आणि दुधाचा पेला रात्री झोपतानाचा केला आहे.